उपग्रहातून तलाव हिरवा दिसला, म्हणजे पाणी खराब झालं का?

उन्हाळा चढायला लागला की गावोगावच्या व्हॉट्सॲप ग्रुपवर तलावांचे दोन प्रकारचे फोटो फिरायला लागतात. एक मोबाईलवर काढलेला, काठाला हिरवा थर आलेला. दुसरा थेट आभाळातून घेतलेला, तलाव भडक हिरवा किंवा लालभडक दिसतोय, त्यावर कुणीतरी गोल मारलाय आणि खाली लिहिलंय, ‘हेच पाणी आपण पितोय, पुढे पाठवा.’

दुसऱ्या फोटोवर लोक जास्त विश्वास ठेवतात. उपग्रहाचा फोटो म्हटला की त्याला एक वजन येतं. त्यात ३० जुलै २०२५ ला इस्रो आणि नासाचा ‘निसार’ उपग्रह श्रीहरिकोट्यावरून वर गेला आणि आता जमिनीवरचं काहीच लपून राहणार नाही, असा सूर सगळीकडे लागला. निसार कामाचा आहेच. पण तो रडारवर चालतो. जमीन किती हलली, माती किती ओली आहे, पूर कुठवर पसरलाय हे तो सांगेल. तलावाचं पाणी हिरवं आहे की निळं, हे त्याला कळत नाही.

मग कुणाला कळतं? कळलं तरी त्यावरून पाणी पिण्यालायक आहे की नाही हे ठरवता येतं का? हा प्रश्न आपण विट्याच्या आसपासच्या तलावांना लावून बघू. कारण या तंत्राची ताकद आणि त्याची अडचण, दोन्ही इथे एकाच वेळी दिसतात.

तलावांवर जगणारा तालुका

विटा हे सांगली जिल्ह्यातल्या खानापूर तालुक्याचं मुख्य ठिकाण. सह्याद्रीच्या पर्जन्यछायेतला भाग. येरळा आणि अग्रणी या इथल्या नद्या वर्षातला बराच काळ कोरड्या असतात. त्यामुळे पाणी साठवायचं तर पाझर तलाव, लघु पाटबंधारे तलाव, गावतळी हेच आधार. शेजारच्या सातारा जिल्ह्यात, विट्याहून दहिवडीकडे जाताना मायणीचा ब्रिटिशकालीन तलाव लागतो. फ्लेमिंगोंमुळे तो माहीत झाला, २०२१ मध्ये त्या परिसराला पक्षी संवर्धन राखीव क्षेत्राचा दर्जाही मिळाला. गाळाने तो किती भरलाय ही तिथली जुनी तक्रार आहे.

या तलावांचं पाणी नेहमी थेट नळाला जातं असं नाही. बऱ्याच गावांत तलावाच्या खालच्या अंगाला विहीर असते आणि तिथून गावाची टाकी भरते. जनावरं मात्र तलावावरच जातात. धुणंही तिथेच.

गेल्या काही वर्षांत यात एक मोठा बदल झालाय, तो म्हणजे टेंभू योजना. कराडजवळ टेंभूला कृष्णेचं पाणी अडवायचं, टप्प्याटप्प्याने उचलायचं आणि खानापूर, आटपाडी, तासगाव, कवठेमहांकाळ, सांगोला या दुष्काळी तालुक्यांत आणायचं, अशी ही योजना. काम १९९६ ला सुरू झालं. आता आवर्तन सुटलं की इथले तलावही त्या पाण्याने भरून घेतले जातात. म्हणजे पूर्वी जो तलाव मार्चमध्ये तळाला जायचा, तो आता एप्रिलमध्ये भरलेला दिसू शकतो. दुष्काळ बघितलेल्या माणसाला यापेक्षा मोठी गोष्ट नाही.

पण शेवाळालाही हेच हवं असतं. ऊन, साचलेलं कोमट पाणी आणि खत. पाणी आलं तसा ऊस आला, द्राक्षं वाढली. पोल्ट्रीचा धंदा इथे आधीपासून मोठा, त्यामुळे शेताला कोंबडखत मुबलक. यातला नत्र आणि स्फुरद पहिल्या जोरदार पावसात वाहून जिथे जायचा तिथेच जातो. इथल्या अमुक तलावात इतकं शेवाळ आहे असं मी म्हणत नाहीये. ते व्हायला लागणारी सगळी सामग्री आता इथे आहे, एवढंच.

आणि विटा म्हणजे काही अस्वच्छ गाव नाही. २०२१ च्या स्वच्छ सर्वेक्षणात एक लाखापेक्षा कमी लोकसंख्येच्या शहरांमध्ये विटा देशात पहिलं आलं होतं. लोणावळा आणि सासवड त्याच्या मागे होते. कचरा दिसतो, त्यामुळे तो उचलला गेला की नाही हेही दिसतं. पाण्यातलं बरंचसं दिसत नाही, म्हणून तर उपग्रहाची एवढी उत्सुकता.

उपग्रह पाण्यात नेमकं काय बघतो?

फुकटात मिळणाऱ्या चित्रांमध्ये या कामासाठी सगळ्यात जास्त वापरला जातो तो युरोपचा सेंटिनेल-२. जमिनीपासून ७८६ किलोमीटरवर तो फिरतो. याचे दोन उपग्रह मिळून साधारण दर पाच दिवसांनी त्याच जागेवर येतात. आपल्याकडे त्याची फेरी सकाळी ११ च्या सुमारास होते. अमेरिकेचे लँडसॅट-८ आणि लँडसॅट-९ मिळून आठ दिवसांनी येतात. इस्रोच्या रिसोर्ससॅट-२ए वरचा लिस-४ कॅमेरा तर ५.८ मीटरपर्यंत बारीक बघतो, पण त्याचे रंगाचे पट्टे कमी आहेत.

रंगाचे पट्टे म्हणजे काय? आपला डोळा लाल, हिरवा, निळा या तीन रंगांवर काम चालवतो. सेंटिनेल-२ कडे असे १३ पट्टे आहेत. त्यातले काही आपल्याला न दिसणाऱ्या प्रकाशाचे.

शेवाळातलं हरितद्रव्य, म्हणजे क्लोरोफिल, निळा आणि लाल प्रकाश खातं आणि हिरवा परत टाकतं. म्हणून ते हिरवं दिसतं. पण त्याची आणखी एक खूण आहे. लाल रंगाच्या जरा पलीकडे, ७०५ नॅनोमीटरच्या आसपास, शेवाळ असलेलं पाणी अचानक जास्त प्रकाश परत पाठवतं. साध्या गढूळ पाण्यात हा उंचवटा येत नाही. सेंटिनेल-२ मध्ये एक पट्टा ६६५ वर आहे आणि एक ७०५ वर. दोघांमधला फरक घ्या, त्याला दोघांच्या बेरजेने भागा, झाला एक आकडा. समजा ७०५ वर परत आलेला प्रकाश ०.०६ आहे आणि ६६५ वर ०.०४. फरक ०.०२, बेरीज ०.१०, उत्तर ०.२. आकडा वर गेला की क्लोरोफिल वाढलंय असं समजायचं. सच्चिदानंद मिश्रा आणि दीपक मिश्रा या दोन संशोधकांनी २०१२ मध्ये ही पद्धत मांडली. एनडीसीआय हे तिचं नाव, आणि आज जगभर ती वापरतात.

गाळ ओळखणं त्याहून सोपं. गढूळ पाणी लाल पट्ट्यात उजळ दिसतं. जलपर्णी तर आणखी सोपी, कारण ती पाण्यावर तरंगणारी वनस्पतीच आहे, उपग्रहाला ती पिकासारखी दिसते. पाण्याच्या पृष्ठभागाचं तापमान लँडसॅटला कळतं.

तर गाळ, शेवाळाचं हरितद्रव्य, जलपर्णी, तापमान आणि पाणी कुठवर पसरलंय. यादी जवळपास इथेच संपते.

यात काय नाही ते बघा. नायट्रेट नाही. फ्लोराईड नाही. मैलापाण्यातले जंतू नाहीत. कीटकनाशकं नाहीत, जड धातू नाहीत, पाण्यात विरघळलेला प्राणवायूही नाही. भारतीय मानक आयएस १०५०० नुसार पिण्याच्या पाण्यात नायट्रेट लिटरला ४५ मिलिग्रॅमच्या वर नको आणि १०० मिलिलिटरमध्ये ई. कोलाय हा जंतू एकही नको. या दोन्ही गोष्टींना रंगच नाही. काचेसारखं स्वच्छ पाणी उपग्रहाच्या चित्रात छान गडद दिसेल आणि तेच पिऊन गावात जुलाबाची साथ येईल, हे सहज शक्य आहे. सांगलीजवळ कृष्णेत मासे मरून वर आल्याच्या बातम्या आठवत असतील. माशाला मारतो तो बहुतेक वेळा पाण्यातला प्राणवायू संपणं, आणि ते आभाळातून दिसत नाही.

विट्याच्या लोकांना हे खरं तर समजावून सांगायला नको. या भागातली माणसं पिढ्यान्‌पिढ्या देशभर सोन्या-चांदीचा गलाई व्यवसाय करतात. नुसता पिवळा रंग बघून कुठलाही गलाईवाला सोन्याचा भाव लावत नाही. आधी कस लावतो, मग वितळवून बघतो. उपग्रह रंग सांगतो. कस लावायचं काम बाटलीत भरलेल्या नमुन्याचं.

लोणारला काय झालं होतं?

या विभागणीचं महाराष्ट्रातलं सगळ्यात चांगलं उदाहरण लोणारचं आहे. जून २०२० मध्ये बुलढाणा जिल्ह्यातलं हे उल्कापाताने तयार झालेलं सरोवर बघता बघता गुलाबी झालं. फोटो देशभर फिरले, तर्कही भरपूर लढवले गेले.

नासाने तेव्हा लँडसॅट-८ ची दोन चित्रं शेजारी शेजारी ठेवली. एक २५ मेचं, एक १० जूनचं. पहिल्यात पाणी हिरवट, दुसऱ्यात गुलाबी. म्हणजे बदल या दोन तारखांच्या मधला आहे आणि तो एका कोपऱ्यात नाही, अख्ख्या सरोवराचा आहे, हे पक्कं झालं. काठावर उभं राहून एवढं खात्रीने सांगता आलं नसतं. आणि गंमत म्हणजे ही चित्रं काढायला कुणी सांगितलं नव्हतं. लँडसॅट आपल्या फेरीवर होता, तो जाता जाता चित्र घेऊन गेला.

पण का झालं? हे लँडसॅटला सांगता आलं नाही. मुंबई उच्च न्यायालयाच्या नागपूर खंडपीठाने विषय हातात घेतला, नमुने घेतले गेले आणि पुण्याच्या आघारकर संशोधन संस्थेत तपासले गेले. उत्तर निघालं हॅलोआर्किया. खूप खारट पाण्यात वाढणारे, गुलाबी रंगद्रव्य तयार करणारे सूक्ष्मजीव. पाणी कमी झालं, बाष्पीभवन वाढलं, खारटपणा वाढला आणि यांचं फावलं. प्रयोगशाळेत तो नमुना काही काळ स्थिर ठेवला तर जीव तळाशी बसले आणि वरचं पाणी पुन्हा नितळ दिसायला लागलं. म्हणजे रंग पाण्याचा नव्हता, पाण्यात राहणाऱ्यांचा होता.

कधी आणि कुठे हे वरून कळलं. कशामुळे हे सूक्ष्मदर्शकाखाली. त्याच वर्षी नोव्हेंबरमध्ये लोणार रामसर यादीत गेलं, म्हणजे आंतरराष्ट्रीय महत्त्वाची पाणथळ जागा ठरलं. तिथे न्यायालय होतं, संस्था होत्या, देशाचं लक्ष होतं. खानापूर तालुक्यातल्या एखाद्या पाझर तलावाचा रंग बदलला तर यातलं काय काय होईल, याचा विचार तुम्हीच करा.

मे महिन्यातला घोळ

आता छोट्या तलावांच्या खऱ्या अडचणीकडे येऊ. हे जरा आकडेमोडीचं आहे, पण सोडू नका.

समजा एक तलाव भरलेला असताना ४०० मीटर लांब आणि ३०० मीटर रुंद आहे. सेंटिनेल-२ चे साधे रंगाचे पट्टे १० मीटरचे चौकोन बघतात. म्हणजे तलावाचे ४० गुणिले ३०, असे १,२०० चौकोन. चांगलं आहे. पण शेवाळासाठी लागणारा तो ७०५ वाला पट्टा २० मीटरचा आहे. चौकोन उरले ३००. आता काठाचे चौकोन टाकून द्यावे लागतात, कारण त्यात अर्धं पाणी आणि अर्धी जमीन येते, शिवाय शेजारच्या शेतावरून आलेला प्रकाश तिथे मिसळतो. चारी बाजूंनी दोन-दोन चौकोन सोडले तर उरतात १७६. अजूनही काम चालेल.

मे महिना येतो. आवर्तन आलेलं नाही. तलाव आटून १०० गुणिले ८० मीटरचं डबकं झालंय. २० मीटरचे चौकोन पडले फक्त २०. काठाचे दोन-दोन सोडले तर? शून्य. एकच सोडला तर सहा.

म्हणजे पाणी जेव्हा सगळ्यात कमी, सगळ्यात कोमट, घाण सगळ्यात जास्त दाटलेली आणि जनावरांची गर्दीही तिथेच, नेमकं तेव्हा उपग्रहाला या तलावातलं काही धड दिसत नाही. आभाळ निरभ्र आहे, चित्र एकदम स्वच्छ येतं, पण चित्रात बघायला पाणीच उरलेलं नसतं. उथळ पाण्यात तळाची माती दिसते आणि तिचाच रंग पाण्याचा म्हणून मोजला जातो, हे वेगळंच.

मग जूनमध्ये ढग येतात. सप्टेंबरपर्यंत कामाचं चित्र मिळालं तर नशीब. पहिल्या पावसात शेतातलं खत वाहून येतं तो आठवडा म्हणूनच हमखास निसटतो. रडार ढगांच्या पार बघतं, २०१९ च्या सांगलीच्या पुराचे नकाशे त्यावरच झाले, पण मघाशी म्हटलं तसं रडारला रंग नाही.

म्हणजे या भागात डोळे नीट उघडे राहतात ते साधारण ऑक्टोबर ते मार्च. टेंभूच्या पाण्याने तलाव भरलेला असेल तर एप्रिल-मेसुद्धा. योजनेचा हा एक फायदा कुणी मोजला नसेल.

अजून एक गोष्ट. उपग्रहापर्यंत पोहोचणाऱ्या प्रकाशातला मोठा वाटा पाण्यातून आलेलाच नसतो, तो मधल्या हवेतून विखुरलेला असतो. पाणी मुळातच काळपट, त्यामुळे हवेचा वाटा वजा करण्यात जरा चूक झाली तरी आकडा भलतीकडे जातो. हवेत धूळ असलेल्या दिवशी तलाव अचानक बिघडल्यासारखा दिसू शकतो. एका तारखेच्या चित्रावरून निष्कर्ष काढणाऱ्यांपासून म्हणूनच सावध राहा.

हिरवं म्हणजे विषारी का?

प्रत्येक हिरवं पाणी विषारी नसतं. साधं हिरवं शेवाळ वासाला आणि चवीला त्रास देतं. काळजी करायची ती नीलहरित शेवाळाची, म्हणजे सायनोबॅक्टेरियाची. यातल्या काही जाती, उदाहरणार्थ मायक्रोसिस्टिस, यकृतावर हल्ला करणारं विष तयार करतात. १९९६ मध्ये ब्राझीलमधल्या कारुआरू शहरात डायलिसिससाठी वापरलेल्या पाण्यात हे विष होतं आणि ५० हून जास्त रुग्ण दगावले. जागतिक आरोग्य संघटनेने मायक्रोसिस्टिन-एलआर या विषासाठी सुचवलेली मर्यादा लिटरला एक मायक्रोग्रॅम आहे. पाणी उकळून हे विष जात नाही. हे वाक्य पुन्हा वाचा, कारण आपल्याकडे पाण्याच्या प्रत्येक तक्रारीवरचा उपाय ‘उकळून प्या’ हाच असतो.

हिरवं कुठलं आणि नीलहरित कुठलं, हे उपग्रहाला कळतं का? नीलहरित शेवाळात फायकोसायनिन नावाचं रंगद्रव्य असतं, त्याची खूण ६२० नॅनोमीटरजवळ मिळते. सेंटिनेल-२ कडे तिथे पट्टाच नाही. सेंटिनेल-३ कडे आहे, पण त्याचा एक चौकोन ३०० मीटरचा. आपला ४०० गुणिले ३०० चा तलाव म्हणजे त्याच्या दृष्टीने जेमतेम एक ठिपका, तोही जमीन मिसळलेला.

सेंटिनेल-३ उपयोगी पडतो तो उजनीसारख्या ठिकाणी. भीमेवरचं हे धरण ११७ टीएमसीचं. पुणे आणि पिंपरी-चिंचवडचं सांडपाणी मुळा-मुठा, पवना, इंद्रायणीतून भीमेत आणि तिथून उजनीत येतं. सोलापूरचं पिण्याचं पाणीही इथलंच. उन्हाळ्यात तिथल्या हिरव्या पाण्याच्या बातम्या दरवर्षी येतात. एवढ्या विस्ताराच्या जलाशयात हिरवा पट्टा कुठे सुरू झाला आणि कुठे सरकतोय, हे दर दोन-तीन दिवसांनी बघता येतं.

अमेरिकेत हे सरकारी पातळीवर होतं. २०१५ पासून तिथल्या पर्यावरण खात्याने नासा आणि इतर दोन संस्थांबरोबर सायान नावाचा प्रकल्प चालवलाय. सेंटिनेल-३ च्या चित्रांवरून दोन हजारांहून जास्त मोठ्या तलावांवर लक्ष ठेवतात, लोकांसाठी ॲपही काढलं. पण त्याच्या आदल्या वर्षीची गोष्ट जास्त शिकवून जाते. ऑगस्ट २०१४ मध्ये ईरी सरोवरावर नीलहरित शेवाळ पसरलं होतं आणि ते उपग्रहातून स्पष्ट दिसत होतं. तरीही टोलेडो शहराच्या चार लाखांवर लोकांना ‘नळाचं पाणी पिऊ नका, उकळूनही नको’ असं सांगितलं गेलं ते जलशुद्धीकरण केंद्रातल्या चाचणीत विष सापडल्यावर. उपग्रहाने डोळे उघडे ठेवायला लावले होते, निर्णय मात्र प्रयोगशाळेच्या आकड्यावर झाला.

घरबसल्या तपासता येतं का?

येतं. कोपर्निकस ब्राउझर नावाची वेबसाईट आहे, मोबाईलवरही उघडते. विटा शोधा, सेंटिनेल-२ निवडा, ढग कमी असलेल्या तारखा निवडा. नैसर्गिक रंगातलं चित्र बघा. मग त्याच तलावाची मागच्या वर्षीच्या त्याच महिन्यातली चित्रं काढा. २०१५ च्या मध्यापासूनची सगळी तिथे फुकट आहेत. लँडसॅटचा साठा तर काही दशकं मागे जातो, तो २००८ पासून सगळ्यांना मोफत आहे.

फॉरवर्ड आलेलं चित्र तपासायचं असेल तर आधी तारीख विचारा. गुगल अर्थवरचं चित्र काही वर्षं जुनं असू शकतं, शिवाय ते वेगवेगळ्या तारखांच्या तुकड्यांचं असतं. मग रंग खरे आहेत का ते विचारा. शास्त्रज्ञ मुद्दाम खोटे रंग वापरतात, त्यात हिरवी झाडी लाल दिसते आणि नितळ पाणी काळं. जलपर्णीने भरलेला तलाव अशा चित्रात रक्तासारखा लाल दिसेल. त्यात लबाडी काही नाही, पण खाली ‘तलावात रसायन सोडलं’ असं लिहिलं की बातमी वेगळीच होते.

मग करायचं काय?

केंद्राच्या जलशक्ती मंत्रालयाने २०२३ मध्ये देशातल्या जलसाठ्यांची पहिली गणना प्रसिद्ध केली. देशात २४,२४,५४० आणि एकट्या महाराष्ट्रात ९७,०६२ जलसाठे मोजले गेले. यातल्या प्रत्येकाचा नमुना दर महिन्याला घ्यायचा म्हटलं तर कुठल्याच खात्याकडे तेवढी माणसं नसणार. उपग्रहाचा खरा उपयोग इथे आहे. हजार तलावांमधले या आठवड्यात बदललेले वीस कुठले, हे तो सांगू शकतो. मग गाडी आणि बाटली तिकडे पाठवायची.

जमिनीवरची साखळी आपल्याकडे नाही असंही नाही. प्रदूषण नियंत्रण मंडळ ठरलेल्या ठिकाणांहून नियमित नमुने घेतं. भूजल सर्वेक्षण आणि विकास यंत्रणेच्या प्रयोगशाळा आहेत. जल जीवन मिशनमध्ये गावोगाव पाच महिलांना पाणी तपासायचं किट वापरायला शिकवायचं ठरलं. त्या किटमध्ये नायट्रेट, फ्लोराईड, क्लोरीन, गढूळपणा, जंतूंची प्राथमिक चाचणी असं बरंच काही आहे, शेवाळाच्या विषाची चाचणी मात्र नाही. त्यासाठी नमुना बाहेरच पाठवावा लागेल, आणि कुठल्या तलावाचा पाठवायचा हे आधी ठरवावं लागेल.

माझ्या मते अडलंय ते या दोन गोष्टींची गाठ न पडल्यामुळे. उपग्रहाचा आकडा स्थानिक पाण्याला जुळवून घ्यायचा तर उपग्रह जातो त्याच दिवशी, शक्यतो त्याच तासात घेतलेले नमुने लागतात. टेंभूने भरलेल्या तलावाचं पाणी आणि फक्त पावसाचं, गाळाचं पाणी यांना एकच सूत्र लागू पडेलच असं नाही. दहा-पंधरा तलाव, एक वर्ष, दर पंधरवड्याला एक फेरी. विट्यातल्या एखाद्या कॉलेजचा विज्ञान विभाग हे करू शकतो. पारदर्शकता मोजायला तर काळ्या-पांढऱ्या रंगाची, दोरीला बांधलेली एक तबकडी पुरते. ती पाण्यात सोडायची आणि किती खोलीवर दिसेनाशी होते ते लिहायचं. अँजेलो सेक्की या इटालियन शास्त्रज्ञाने १८६५ मध्ये वापरलेली ही युक्ती आजही उपग्रहाचे आकडे पडताळायला वापरतात.

गावाने स्वतः नमुना घ्यायचा ठरवला तर जागा नीट निवडायला हवी. आपल्याकडे बहुतेक वेळा बाटली भरली जाते ती भरावाजवळ, कारण तिथवर गाडी जाते. शेवाळाचा थर मात्र वारा ज्या काठाकडे ढकलतो तिथे साचतो. उन्हाळ्यात वारा पश्चिमेचा असेल तर पूर्वेचा काठ बघायचा. भरावाजवळ एक बाटली, साचलेल्या काठाला एक, दोन्ही पृष्ठभागाच्या वीतभर खालून भरलेल्या. बाटलीवर तारीख आणि वेळ लिहायची, आणि वेळ सकाळी ११ ची असली तर त्या दिवशी वरून कोण गेलं होतं ते कोपर्निकसवर बघून घ्यायचं.